सर्जिकल गाऊन: रक्त अडवणारा हवा की घाम वाळू देणारा?

निळी टोपी

नमस्कार मंडळी,

मी ओटीची, म्हणजे ऑपरेशन थिएटरची, इन्चार्ज सिस्टर. १८ वर्षं हात धुऊन, गाऊन घालून टेबलापाशी उभी राहतेय. आमच्याकडे गाऊनची खरेदी नव्याने ठरायची आहे आणि कमिटीत मलाही घेतलंय. तीन आठवडे झाले, डोक्यातून विषय जात नाही.

सध्या आम्ही साधे निळे, एसएमएस नावाच्या कापडाचे गाऊन वापरतो. हलके असतात, कुणाची कुरकुर नसते. पण मागच्या महिन्यात पोटाचं एक ऑपरेशन खूप लांबलं. संपल्यावर गाऊन काढला तर आतल्या स्क्रबवर, म्हणजे गाऊनखालच्या सदऱ्यावर, बेंबीच्या जरा वर, तळहाताएवढा लाल डाग. डाव्या मनगटाच्या वरही ओल. पेशंटचे रिपोर्ट निगेटिव्ह होते म्हणून निभावलं. घरी जाऊन दोनदा अंघोळ केली तरी त्या जागी काहीतरी चिकटलंय असंच वाटत राहिलं.

हे मी मीटिंगमध्ये सांगितलं तर लगेच सूर निघाला, सगळ्यांना सरसकट लेव्हल ४, म्हणजे सगळ्यात जास्त अडवणारे गाऊन घ्या आणि विषय संपवा. सॅम्पल आले, आम्ही घालून पाहिले. पाऊण तासात पाठीवरून घामाच्या धारा. एका सरांनी मधेच बाह्या वर ओढल्या. आमची ज्युनिअर सिस्टर दोन तासांनी भोवळ येऊन भिंतीला टेकून बसली. आता निम्मे लोक म्हणतात जुनेच बरे, निम्मे म्हणतात जीव महत्त्वाचा, घाम पुसता येतो.

मला कापडातलं फार कळत नाही. रक्त आत येणार नाही आणि घाम बाहेर जाईल असं कापड खरंच असतं का? की दोन्हींपैकी एकच मिळतं?

ताणाबाणा

सिस्टर, मी वस्त्रोद्योगात आहे, मेडिकल टेक्स्टाइलच्या चाचण्या हेच माझं रोजचं काम. जरा लांबण लागेल.

एसएमएस म्हणजे स्पनबाँड, मेल्टब्लोन, स्पनबाँड. तिन्ही थर पॉलिप्रॉपिलीनचेच. बाहेरचे दोन थर ताकदीसाठी असतात, त्यांचे तंतू जाड. खरं काम मधला मेल्टब्लोन करतो. त्याचे तंतू १ ते ५ मायक्रॉनचे, कोळ्याच्या जाळ्यासारखे एकमेकांत गुंतलेले. पॉलिप्रॉपिलीन मुळात पाण्याला नकार देणारं, त्यामुळे रक्ताचा थेंब वर गोळा होऊन बसतो. छिद्रं मात्र आहेतच, आणि त्यांच्यातूनच हवा व वाफ जाते. म्हणून तो हलका वाटतो. थेंबाला मागून दाब मिळाला की त्याच छिद्रांतून तो आत शिरतो.

दाब किती? हिशोब सोपा आहे. चाचणीत कापडावर पाण्याचा स्तंभ हळूहळू वाढवत नेतात आणि किती सेंटीमीटरला पाणी फुटतं ते बघतात. अमेरिकी पीबी ७० मानकात लेव्हल २ ला २० सेंटीमीटर पुरतात, लेव्हल ३ ला ५० लागतात. १ सेंटीमीटर पाणी म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला १ ग्रॅम भार. तुम्ही टेबलाच्या कडेला पोट टेकवून ५ किलो भार टाकलात आणि तो १०० चौरस सेंटीमीटरवर पसरला, तर तिथे ५० सेंटीमीटर झाले. कोपर टेकवलंत, १ किलो भार १० चौरस सेंटीमीटरवर, तर १०० झाले. टेकल्याचा दाब आणि पाण्याचा स्तंभ अगदी एकच नव्हेत, पण अंदाज यायला पुरे. तुमचा डाग बेंबीच्या वर का आला याचं उत्तर बहुधा इथे आहे. तिथेच रक्त साचलं असणार आणि तिथेच तुम्ही टेकला असणार.

लेव्हल ४ ची गोष्ट वेगळी. तिथे पाणी नसतं, फाय-एक्स १७४ नावाचा विषाणू असलेला द्रव वापरतात. हा फक्त जिवाणूंना धरतो, माणसाला काही करत नाही. आकार २७ नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे हिपॅटायटिस बी पेक्षाही लहान. २ पीएसआय दाबाखाली, म्हणजे सुमारे १४० सेंटीमीटर पाण्याच्या दाबाला, तो पलीकडे सापडता कामा नये. एवढं साधायला सहसा कापडात फिल्म, म्हणजे प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा, घालावी लागते. फिल्म आली की हवा थांबते. तुमच्या ज्युनिअर सिस्टरला जे झालं ते त्यामुळे.

हाडसांधा

मी ऑर्थोमध्ये आहे. शिकताना सुती गाऊन घातले, हिरवे, धुऊन धुऊन मऊ झालेले. त्यांच्याइतका आराम नंतर कशातच मिळाला नाही हे मनापासून सांगतो. घाम टिपून घ्यायचे, अंगाला चिकटायचे नाहीत. चांगलं जाड सुती कापड दुपदरी शिवून घेतलं तर काय बिघडतं?

सूक्ष्मदर्शी

डॉक्टर, तो आराम खरा होता. बिघडतं ते कापड ओलं झाल्यावर. विणलेल्या साध्या सुती कापडात ताणा आणि बाणा यांच्यामध्ये ८० ते १०० मायक्रॉनची भोकं राहतात. आपल्या कातडीचे कोंड्यासारखे कण सतत झडत असतात, त्यातल्या काहींवर जिवाणू बसलेले असतात. ते त्यातून आरामात बाहेर पडतात. ही झाली कोरड्या कापडाची गोष्ट. ओलं झालं की सूत वातीसारखं काम करतं, दोन्ही बाजूंनी. दुसरा पदर म्हणजे दुसरी वात. बेक आणि कॉलेट या दोघांनी १९५२ मध्येच लिहून ठेवलंय की ओला सुती गाऊन अडथळा म्हणून निकामी होतो. त्यानंतरही कित्येक वर्षं आपण तेच घालत राहिलो.

सुताचा कोंडाही सुटतो आणि जखमेत जातो. सांधा बसवताना तुम्हाला तो नकोच असेल.

इथे सगळे रक्त आपल्यापर्यंत येण्याबद्दल बोलताहेत, म्हणून एक आठवण करून देते. गाऊन आधी पेशंटसाठी आला. आपल्या अंगावरचं त्याच्या जखमेत जाऊ नये म्हणून. घामाने चिंब झालेला स्क्रब आणि त्यावर ओलावा झिरपू देणारा गाऊन ही जोडी पेशंटच्या बाजूनेही वाईट. म्हणून घामाचा प्रश्न मला नुसता सोयीचा वाटत नाही.

हाडसांधा

हे मान्य. कोंड्याचा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता. ब्रिटिश सर्जन जॉन चार्न्ली यांनी सांधेरोपणासाठी आतली हवा नळीने बाहेर ओढून घेणारा पोशाख वापरला होता, त्यामागे हाच विचार होता ना. सर्जनच्या अंगावरून सुटणारं काही टेबलावर पोचू नये.

पण मग माझा प्रश्न असा. ब्रीदेबल, म्हणजे वाफ बाहेर सोडणारे, असं लिहिलेले लेव्हल ४ चे गाऊन मी घातलेत. पत्रकावर आकडे मोठमोठे असतात. अंगावर मात्र प्लॅस्टिकच वाटतं. फसवतात की माझं शरीर वेगळं आहे?

ताणाबाणा

फसवतात असं नाही म्हणणार, पण आकड्यामागची पद्धत विचारा. वाफ किती जाते हे मोजायच्या निदान चार-पाच पद्धती आहेत. पेल्यात पाणी ठेवून वर कापड ताणायचं, आणि पेला सुलटा ठेवायचा की उलटा. उलट्या पेल्यात पाणी थेट कापडाला लागतं. काही फिल्म ओल्या झाल्यावरच जोरात वाफ सोडतात, त्यांचा आकडा तिथे कैकपटीने फुगतो. एकाचा सुलट्या पेल्याचा आकडा आणि दुसऱ्याचा उलट्याचा, यांची तुलना करणं म्हणजे किलो आणि लिटर एका रांगेत मांडणं.

मला विचाराल तर ‘आरईटी’ मागा, आयएसओ ११०९२ ची चाचणी. घाम गाळणाऱ्या गरम पाट्यावर कापड ठेवतात आणि वाफेला किती अडथळा होतो ते मोजतात. आकडा जितका लहान तितकं बरं. ६ च्या खाली उत्तम, २० च्या वर गेला तर अंगावर त्रास होणारच.

फिल्मही दोन जातींच्या असतात. एक सूक्ष्म छिद्रांची. पॉलिथिलीनमध्ये खडूची पूड मिसळून पातळ फिल्म ओढतात, मग ताणतात, ताणताना पुडीच्या कणाभोवती पोकळी सुटते. त्या पोकळ्या मायक्रॉनपेक्षा लहान, वाफेचा रेणू त्याहून कितीतरी लहान, म्हणून वाफ जाते आणि थेंब अडतो. दुसरी जात बिनछिद्राची. तिच्यात वाफ एका बाजूने मुरते आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडते. विषाणूच्या दृष्टीने मला दुसरीवर जास्त भरवसा वाटतो, कारण भोकच नाही. पण तिला वाफ ढकलायला आतबाहेर ओलाव्याचा फरक लागतो. म्हणजे आधी तुम्ही थोडे ओले होणार, मग ती कामाला लागणार.

आणि शरीराचा हिशोब बघा. समजा कामाच्या भरात १०० वॅट उष्णता घामावाटे टाकायची आहे. १ ग्रॅम घाम वाळताना साधारण २.४ किलोज्यूल घेऊन जातो. म्हणजे तासाला १५० ग्रॅम घाम वाळायला हवा. नुसता गळून चालत नाही, वाळायला हवा. गळलेला घाम शरीराला थंडावा देत नाही, फक्त पाणी घालवतो. गाऊनच्या आत हवा दमट झाली की वाळणं बंद, मग शरीर आणखी घाम सोडतं. भोवळ येते ती इथून.

पहाटपाळी

मी सेकंड इयर रेसिडेंट, प्रसूती विभागात. सिझेरियनला आम्ही जे भिजतो ते कुठल्या पत्रकात लिहिलेलं नसतं. गर्भजल एकदम येतं, पोटावरून खाली, गुडघ्यापर्यंत. अर्ध्यापाऊण तासाचं काम असतं. तेवढ्यापुरता मला पूर्ण फिल्मचा गाऊन चालतो, उकडलं तर उकडलं. पण हिस्टरेक्टॉमी, म्हणजे गर्भाशय काढायचं ऑपरेशन, अवघड निघाली आणि चार तास उभं राहायला लागलं तर तोच गाऊन नको होतो. मग सगळ्यांना एकच गाऊन हवा हा हट्ट कशाला?

आणि सायझेस! माझी उंची पाच फूट. मला कायम एक्सएल मिळतो. बाही लांब म्हणून मनगटाशी घड्या पडतात आणि घड्यांवर ग्लोव्ह चढवला की तो घसरतो.

निळी टोपी

@पहाटपाळी, बाळा, सायझेसचं अगदी खरं आहे. आम्ही एकच साइज मागवतो कारण स्टोअरला सोपं जातं. हे मी लिहून घेतलं.

@ताणाबाणा, दादा, खूप कळलं. एक शंका. लेव्हल ४ म्हणजे गाऊन सगळीकडून लेव्हल ४ का? सॅम्पलची पाठ पण फिल्मचीच होती.

ताणाबाणा

नाही, आणि हाच प्रश्न कमिटीत विचारायला हवा. सर्जिकल गाऊनला मानक जी लेव्हल देतं ती मोक्याच्या जागांसाठी: समोरचा भाग आणि बाह्या. त्यात शिवणीही धरतात आणि तिथे जो भाग सगळ्यात कमजोर तीच गाऊनची लेव्हल. पाठ साधी ठेवायला मुभा आहे. युरोपच्या ईएन १३७९५ मध्येही तसंच, मोक्याची जागा आणि कमी मोक्याची जागा असे वेगळे आकडे. हाय परफॉर्मन्स गाऊनला पुढे १०० सेंटीमीटर लागतात, बाकीच्या भागाला १० पुरतात.

म्हणून पुढे आणि कोपराखालच्या बाहीला फिल्म, पाठीला आणि काखेपाशी हलकं एसएमएस, असा गाऊन मागता येतो. रीइन्फोर्स्ड म्हणून मिळतो. मात्र बघून घ्या. काही ठिकाणी जोड म्हणून नुसता जाड थर लावलेला असतो. तो रक्त शोषून धरतो, पण फिल्मसारखा अडवत नाही.

हाडसांधा

यात माझ्या अनुभवाची भर घालतो. आम्ही सी-आर्म या एक्स-रे मशीनखाली काम करतो, म्हणून गाऊनच्या आत शिशाचा एप्रन असतो. समोरून वाफ जायचा प्रश्नच मिटला, शिसं काहीच सोडत नाही. त्यामुळे गाऊनच्या पुढच्या कापडाचा आरईटी कितीही भारी असला तरी मला फुकट. माझी उष्णता जाते ती पाठीतून आणि खांद्यांतून. पूर्ण फिल्मच्या गाऊनमध्ये तेही बंद होतं. ऑर्थोला गाऊनची पाठ श्वास घेणारी असलीच पाहिजे, पुढे काय हवं ते लावा. रीमिंग करताना, म्हणजे हाड आतून कोरताना, जे उडतं ते बघता पुढे लेव्हल ४ च हवं.

वाफारा

मी हॉस्पिटलचा निर्जंतुकीकरण विभाग (सीएसएसडी) आणि लाँड्री सांभाळतो. धुऊन वापरायच्या गाऊनचं इथे कुणीच बोललं नाही. दाट विणीच्या पॉलिएस्टरचे येतात, पुढे तीन थर एकमेकांना चिकटवलेलं लॅमिनेट असतं, मधे फिल्म. अंगावर पडतात छान, कापडासारखे, सरसर आवाज नाही. आमच्या भूलतज्ज्ञ मॅडम म्हणतात फिल्मच्या गाऊनचा आवाज एवढा की मॉनिटरचा सूर नीट ऐकू येत नाही.

पण निगा राखायची तयारी हवी. प्रत्येक गाऊन किती वेळा धुतला याची नोंद पाहिजे, ठरलेल्या धुलाया झाल्या की तो बाजूला. फॅब्रिक सॉफ्टनर चुकूनही नको. साबण नीट निघाला नाही तर कापडाचा पाणी झिडकारायचा गुण जातो, कारण साबणाचं कामच पाण्याला कापडात शिरवायचं. मी आधी जिथे होतो तिथे शेवटचं खळबळणं कमी करून वेळ वाचवायचे. गाऊन दिसायला नवे, पण त्यावर पाणी टाकलं की सरळ आत. मी ते दाखवलं तेव्हा कुठे बंद झालं. प्रत्येक गाऊन प्रकाशाच्या टेबलावर पसरून टाचणीएवढी भोकं बघावी लागतात. टॉवेल क्लिपने, म्हणजे कापड धरायच्या टोकदार चिमट्याने, पडतात ती.

सूक्ष्मदर्शी

+१. आणि एक अल्कोहोलचं. द्रव थेंब होऊन वर बसणार की कापडात शिरणार हे त्याच्या पृष्ठताणावर ठरतं. पाण्याचा ७२ डाइन प्रति सेंटीमीटरच्या आसपास, अल्कोहोलचा २२. ऑपरेशनआधी कातडी पुसायचं अल्कोहोल गाऊनवर सांडलं तर जे कापड पाणी झिडकारतं तेच अल्कोहोल पिऊन टाकतं. कृत्रिम रक्ताच्या चाचणीत पृष्ठताण ४२ ठेवतात, कारण रक्त पाण्यापेक्षा सहज भिजवतं. म्हणून बेसिनच्या पाण्याखाली गाऊन धरून ‘बघा, थेंब पण जात नाही’ असं कुणी दाखवलं तर त्यावर जाऊ नका. अल्कोहोल झिडकारायला फ्लोरीनची रसायनं लावतात, ती निसर्गात टिकून राहतात म्हणून आता अनेक जण टाळू बघतात. तेव्हा नव्या लॉटच्या वेळी हे वेगळं विचारा.

ताणाबाणा

@वाफारा, लाँड्रीतला हा मुद्दा सोन्यासारखा आहे. राहिलेल्या साबणामुळे चाचणीत नापास झालेले गाऊन मी पाहिलेत, कापड शंभर टक्के शाबूत असताना.

निळी टोपी

मंडळी, दोन आठवड्यांनी लिहितेय. तुमचं सगळं वाचून आम्ही आमच्या ओटीत घरगुती तपासणी केली. तीन प्रकारचे गाऊन: आमचे जुने, पुढे आणि बाहीला फिल्म असलेले, आणि पूर्ण फिल्मचे. ऑपरेशन संपल्यावर प्रत्येकाने गाऊन उलटा करून आतून बघायचा आणि माणसाच्या चित्रावर डागाची जागा खूण करायची. घाम किती मुरला ते कळायला स्क्रबचं आधी आणि नंतर वजन करायचं. आणि एकच प्रश्न विचारायचा, अजून एक तास उभं राहू शकाल का?

खुणांचे कागद एकावर एक ठेवले तेव्हा मीच गप्प झाले. जुन्या गाऊनमध्ये डाग पोटाच्या रेषेवर आणि कोपरापासून मनगटापर्यंत. पाठीवर एकही नाही. इतकी वर्षं पाठ झाकायची काळजी आम्ही का करत होतो? पूर्ण फिल्मच्या गाऊनला पोटाशी काहीच नव्हतं, पण स्क्रब सगळ्यात जड आणि बाह्या वर ओढायचं प्रमाणही तिथेच सगळ्यात जास्त. बाही ओढली की ग्लोव्हच्या वरचा कफ, म्हणजे बाहीच्या टोकाचा मनगटपट्टा, उघडा पडतो आणि तो तर विणीचा, पाणी पिणारा. म्हणजे सगळ्यात भारी गाऊन घातलेला माणूस मनगटाशी भिजलेला. हे दोघांच्या बाबतीत मी डोळ्यांनी पाहिलं.

कमिटीपुढे मी असं मांडलंय: लांबणारी आणि रक्ताची ऑपरेशनं, त्यांना पुढे-बाहीला फिल्म, पाठ हलकी. छोट्या, कोरड्या कामांना एसएमएसच. सिझेरियनला गुडघ्याखालपर्यंत फिल्म असलेला लांब गाऊन. आणि तीन साइज, यावर मी अडून बसलेय. धुवायच्या गाऊनचा विचार पुढच्या वर्षी, आधी लाँड्रीत खळबळणं बघून.

कफाचं मात्र कळत नाहीये. कापड कितीही बदललं तरी मनगटावरची ती चार बोटं रुंदीची पट्टी तशीच राहते.

पहाटपाळी

सिस्टर, तीन साइज!! थँक यू.

कफाबद्दल मी एवढंच करते: ग्लोव्ह घालताना कफाचा विणीचा भाग पूर्ण झाकला जाईल आणि बाहीच्या कापडावर निदान दोन बोटं चढेल इतका वर ओढते, आणि डबल ग्लोव्ह असेल तर बाहेरचा अर्धा साइज मोठा. मोठा बाहेर असला की आतला घसरत नाही.

हाडसांधा

आम्ही उलटं करतो, मोठा आत. बोटांना मुंग्या येत नाहीत. पण मनगटाशी घसरतो हे आत्ता वाचून लक्षात आलं. उद्या दोन केसेस आहेत, एका हाताला असं आणि दुसऱ्याला तसं घालून बघतो आणि कफ किती भिजला ते इथे टाकतो.

ताणाबाणा

सिस्टर, ते खुणांचे कागद जपून ठेवा, ऑर्डर देताना सोबत जोडा. बाहीवर फिल्म कुठून कुठपर्यंत हवी हे बनवणाऱ्याला त्यावरून थेट सांगता येईल. बाहीची शिवण आतल्या बाजूला कशी बंद केलीय ते सॅम्पल फाडून बघा. सुईची भोकं राहिलेली साधी शिवण असेल तर परत पाठवा. वितळवून जोडलेली किंवा वरून टेप लावलेलीच घ्या. आणि हाडसांधा डॉक्टर, उद्याचा निकाल टाकाल तेव्हा कुठल्या हातात हत्यार होतं तेही लिहा.